चतुराचा रहिवासी दाखला

बारावीच्या निकालानंतर आपल्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून डोमिसाइलचा अर्ज भरलाय. रेशनकार्डाची झेरॉक्स, लाइट बिल, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, आणि एवढं सगळं देऊन वर ‘उद्या या’. वैताग येतो. पण त्यामागचा मुद्दा चुकीचा नाही. माणूस गावात दिसला म्हणजे तो गावचा झाला, असं नसतं. शनिवार-रविवारी नरपडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाला लागून मुंबई आणि गुजरात पासिंगच्या गाड्या उभ्या असतात. या पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये नरपडचे फोटो नरपडकरांपेक्षा जास्त सापडतील. तरी ते नरपडचे रहिवासी नाहीत.

हेच चतुरालाही लागू आहे. चतुर म्हणजे ड्रॅगनफ्लाय, लहानपणी आपण ज्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणायचो तो. पावसाळ्यात चिकूवाडीतल्या हौदावर किंवा होमस्टेच्या बागेतल्या कमळाच्या तळ्यावर तो घिरट्या घालताना दिसला की मोबाइल बाहेर निघतो, फोटो निघतो, स्टोरी पडते : ‘आमच्या तळ्यावर चतुर आलेत, म्हणजे पाणी एकदम क्लीन!’ लाइक्स मिळतात, पण निष्कर्ष कच्चा असतो. चतुर उडण्यात वस्ताद आहे. तुमच्या तळ्यावर दिसलेला चतुर दोन गावं सोडून तिसऱ्या गावच्या डबक्यात वाढलेला असू शकतो. तुमच्या तळ्याशी त्याचं नातं वीकएंडच्या पाहुण्याइतकंच असू शकतं.

खरा पुरावा त्याच तळ्याच्या काठावर, लव्हाळ्याच्या पातीला नाहीतर हौदाच्या भिंतीला चिकटून बसलेला असतो. बोटाच्या पेराएवढा, मातकट, पोकळ. ती चतुराची कात. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. आपल्या भाषेतही बघा, अमुक शहराने कात टाकली, तमुक संघाने कात टाकली, असं आपण कौतुकाने म्हणतो. टाकलेल्या कातीचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की कॉलेजच्या पोरापोरींनी ते विचारावं. उडणाऱ्या चतुराचा फोटो खुशाल काढा, पण मोजायच्या असतील तर काती मोजा. आणि पर्यावरणाचा जो प्रोजेक्ट आपण दरवर्षी कसाबसा उरकतो, त्याचा विषय हाच घ्या.

रिकाम्या कातीत काय असतं?

चतुराचं आयुष्य हवेतलं वाटतं, पण त्याचं बालपण सगळं पाण्यात जातं. मादी पाण्यात किंवा पाण्यालगत अंडी घालते. त्यातून निघालेलं पिल्लू दिसायला चतुरासारखं अजिबात नसतं. पंख नाहीत, रंग चिखलाचा आणि स्वभाव शिकाऱ्याचा. त्याचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की हा ओठ झटक्यात पुढे सुटतो आणि भक्ष्य पकडून तोंडाशी आणतो. श्वास घ्यायची पद्धत तर आणखी भन्नाट. चतुराच्या पिल्लाचे कल्ले पोटाच्या मागच्या टोकाला, आत असतात. ते मागूनच पाणी आत घेतं, आणि पळायची वेळ आली की तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सटकतं. जेट इंजिन म्हणा ना!

पाण्यात वाढताना ते अनेकदा कात टाकतं. शेवटची कात टाकायची वेळ आली की ते पाण्याबाहेर येतं, बहुतेक वेळा रात्रीच्या अंधारात. एखादी काडी, पान किंवा भिंत घट्ट पकडतं. पाठीवरची कातडी उलते. आधी डोकं, छाती, पाय बाहेर निघतात. मग थोडा वेळ विश्रांती, म्हणजे पायांत बळ येईपर्यंत. मग ते आपल्याच कातीला धरून शेपटीचा भाग ओढून काढतं. चुरगळलेले पंख हळूहळू ताणून सरळ होतात. ओल्या प्लास्टिकसारखे चकाकणारे हे पंख कडक झाले की उजाडताना पहिलं उड्डाण. सुरवंटासारखी कोशात दडून राहायची पायरी इथे नाहीच.

हा तास-दोन तासांचा काळ सगळ्यात धोक्याचा. चतुर ना पोहू शकतो, ना उडू शकतो. मुंग्या चढतात, बेडूक टपलेले असतात, पहाटे दयाळ आणि बुलबुल हजर होतात. वाऱ्यात किंवा पावसाच्या सरीत पकड सुटली की खेळ खलास. म्हणून मला वाटतं, काठावरची नीट उललेली रिकामी कात हे साधं टरफल नाही. या पाण्यात अंडं पडलं, पिल्लाला खायला मिळालं, श्वास घ्यायला प्राणवायू मिळाला, पुरेसे दिवस पाणी टिकलं, आणि बाहेर यायला आधारही मिळाला, एवढ्या सगळ्या गोष्टींवर ती कात सही करते.

शिवाय कातीवरून जातही ओळखता येते. टाचणीची, म्हणजे चतुराच्या नाजूक चुलत बहिणीची, कात बारीक असते आणि तिच्या टोकाला तीन पात्यांसारखे कल्ले असतात. चतुराची कात जाडजूड, टोकाला आखूड काटे. ओठाचा आकार, पाठीवरचे काटे यांवरून जाणकार आणखी खोलात जातात. कातीतून डीएनए काढता येतो, हेही संशोधकांनी दाखवून दिलंय. म्हणजे रहिवासी दाखला आणि जातीचा दाखला, दोन्ही एकाच कागदावर, आणि तेही रांगेत उभं न राहता!

दिसला म्हणजे राहिला नव्हे

या फरकाची सगळ्यात भारी गोष्ट मालदीवमधली आहे. तिथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास चतुरांचे थवे दिसायचे. आपल्यासारखा माणूस फोटो काढून मोकळा झाला असता. अँडरसन यांना वेगळाच प्रश्न पडला. मालदीव ही प्रवाळाची बेटं, तिथे गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीतच. मग हे एवढे चतुर वाढले कुठे? वर्षानुवर्षांच्या नोंदी लावून त्यांनी 2009 मध्ये मांडलं की हे चतुर भारताकडून वाऱ्यावर स्वार होऊन येतात आणि समुद्र ओलांडून पुढे आफ्रिकेकडे जातात. यात मुख्य जात ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. आपल्याकडे पावसाळ्यात मैदानावर, रस्त्यावर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात, ते बहुधा हेच. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात यांचं पिल्लू दीड-दोन महिन्यांत मोठं होतं. नरपडच्या एखाद्या डबक्याकाठी याची कात मिळाली, तर तो समुद्रापार जाऊ शकणाऱ्या प्रवाशाचा जन्मदाखला समजा.

विचार करा, ‘बेटावर चतुर भरपूर आहेत’ एवढ्यावर अँडरसन थांबले असते, तर हा प्रवास कळलाच नसता. ‘इथे जन्मले का?’ या एका प्रश्नाने सगळं फिरलं.

आणि ‘चतुर म्हणजे स्वच्छ पाणी’ हेही सरसकट खरं नाही. नारिंगी पंखांचा ‘डिच ज्वेल’ सांडपाण्याच्या डबक्यावरही मजेत राहतो. नावातच ‘डिच’ आहे त्याच्या! दगडी रंगाचा ‘ग्रॅनाइट घोस्ट’ सिमेंटच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो, आणि भिंतीवर असा बसतो की समोर असून दिसत नाही. काही जाती मात्र वाहत्या, सावलीतल्या ओढ्यांशिवाय राहूच शकत नाहीत. म्हणजे प्रश्न ‘चतुर आहेत का?’ हा नाही. ‘कोणते चतुर इथे वाढून बाहेर पडतात?’ हा आहे, आणि त्याचं उत्तर काठावर चिकटलेलं असतं.

प्रोजेक्ट : कॉपी, पेस्ट, स्पायरल बाइंडिंग

आता आपल्या दुखऱ्या जागेवर येऊ. पर्यावरण हा विषय आपल्या सगळ्यांना सक्तीचा आहे. आर्ट्स असो, कॉमर्स असो, सुटका नाही. आणि प्रोजेक्ट म्हणजे काय, तर सीनियरची फाइल, इंटरनेटवरचे परिच्छेद, ‘ग्लोबल वॉर्मिंग’चा वितळणारा बर्फ, रंगीत प्रिंटआउट आणि सबमिशनच्या आदल्या रात्री स्पायरल बाइंडिंग. आता तर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत वीस पानं तयार. ध्रुवावरच्या अस्वलाबद्दल आपण पाच पानं लिहितो, पण घरामागच्या हौदात काय राहतं ते सांगता येत नाही.

यात सगळा दोष मुलांचा नाही. ज्या प्रोजेक्टचं उत्तर आधीच छापलेलं आहे, तो कोणीही कॉपीच करणार. कातींचा प्रोजेक्ट कॉपी करता येत नाही, हीच त्याची खासियत. नरपडच्या एका तळ्यावर या आठवड्यात किती काती मिळाल्या, हे जगातल्या कुठल्याही वेबसाइटवर नाही. ते फक्त तिथे जाऊन बघणाऱ्यालाच कळणार.

खर्च? जवळपास शून्य. एक तळं, हौद किंवा काठाचा मोजून ठरवलेला दहा मीटरचा पट्टा निवडा. जमल्यास रोज, नाहीतर दिवसाआड, सकाळी ठरलेल्या वेळी फेरी मारा. दिसेल ती प्रत्येक कात हलक्या हाताने उचला. सगळ्या उचलायच्या, म्हणजे उद्या मिळेल ती नवीन, याची खात्री. रिकाम्या काडेपेटीत कापूस घालून ठेवा आणि चिठ्ठीवर तारीख, जागा, कशावर होती, पाण्यापासून किती उंचीवर होती, एवढं लिहा. ओली कात डबीत बंद करू नका, बुरशी येते. घरी आणून समोरून, वरून आणि बाजूने फोटो घ्या. पावसात काती धुऊन जातात, त्यामुळे त्या दिवशी पाऊस होता का, याचीही नोंद हवी. झाडाच्या खोडावर, पाण्यापासून लांब, पुढचे पाय फावड्यासारखे असलेली कात दिसली तर ती बहुधा सिकाड्याची. ती वेगळी ठेवा.

दोन पथ्यं मात्र पाळायची. कातीला ओलसर, चमकत्या पंखांचा चतुर अजून लटकलेला असेल तर हात लावायचा नाही, तो उडेपर्यंत थांबायचं. आणि विहिरीत वाकून कात काढायची नाही. दहा मार्कांसाठी कोणी जीव धोक्यात घालत नाही. गवतात पाय टाकायच्या आधी काठी आपटायची, हे वाडीत वाढलेल्यांना सांगायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : काही मिळालं नाही, तर ‘शून्य’ लिहा. कॉपी केलेल्या प्रोजेक्टमध्ये शून्य कधीच नसतो, तिथे सगळं छान जुळून आलेलं असतं. खऱ्या निरीक्षणात शून्याचे दिवसच जास्त असतात. वर चतुर उडतायत आणि काठावर तीन आठवडे एकही कात नाही, तर तो रिकामा तक्ता खूप काही सांगतोय. चतुर येतायत, पण इथे कुणी मोठं होत नाहीये.

टापटीप तळं, कोरा काठ

का होत नाहीये, याची कारणं बऱ्याचदा आपल्या हातातली असतात. हल्ली बागेतलं तळं म्हणजे गुळगुळीत टाइल्स, उभ्या भिंती, मधोमध कारंजं आणि शोभेचे मासे. काठावर एक गवताची काडी उगवली की माळी लगेच उपटतो. दिसायला छान. पण पिल्लाला वर चढायला आधार नाही, आणि मासे लहान पिल्लांना खाऊन टाकतात. त्यात पाणी हिरवं दिसलं की सगळं उपसून, भिंती घासून पुन्हा भरायचं. म्हणजे पिल्लांची अख्खी पिढी नाल्यात.

उपाय स्वस्त आहे. तळ्यात दोन-चार बांबूच्या काठ्या तिरक्या रोवायच्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या बाहेर. एका बाजूचा काठ न कापता सोडायचा, तिथे लव्हाळा वाढू द्यायचा. साफसफाई करायचीच असेल तर एका वेळी अर्ध्याच तळ्याची. शोभेचे मासे एका तळ्यात आणि दुसरं बिनमाशांचं. मग दोन्हीकडच्या काती मोजून तुलना करा. हाही एक प्रोजेक्टच झाला, आणि यात ‘निष्कर्ष’ हे प्रकरण खरोखर तुमचं असेल.

इथे घरातल्या मोठ्यांचा आक्षेप येणार : ‘पाणी साठवून ठेवायचं म्हणजे डास. डेंग्यू झाला तर?’ आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडा दिवस पाळायचा, यात तडजोड नाही. तिथे चतुराचं पिल्लू वाढायला वेळच मिळत नाही, डासाला मात्र आठवडा-दहा दिवस पुरतात. पण बारमाही तळ्याचं गणित वेगळं. तिथे शिकारी असतात. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये संशोधकांनी लोकांना सोबत घेऊन घरातल्या पाण्याच्या भांड्यांत चतुराची पिल्लं सोडून पाहिली. काही आठवड्यांत डेंग्यूच्या डासाच्या अळ्या खूपच कमी झाल्या. हा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वापरलेला लाल चतुर, ‘क्रोकोथेमिस सर्व्हिलिया’, आपल्याकडेही सर्रास दिसतो. याचा अर्थ चतुर आले की डास संपले, असा नाही. पण शिकाऱ्यांसकट तळं मारून टाकलं, तर त्यात आधी परत येतात ते डासच. म्हणून ज्या तळ्यावर काती सापडतात, त्यात औषध ओतायच्या आधी दोनदा विचार करावा.

मोठ्या चर्चेतली छोटी वही

‘एवढ्याशा कातीने काय फरक पडतो?’ हा प्रश्न डहाणूत विचारायला मला जरा अवघड वाटतं. कारण पर्यावरणाची चर्चा इथे नवी नाही. 1991 मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. 1996 मध्ये त्यासाठी खास प्राधिकरण आलं. 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय मानांकन मिळालं. 2024 च्या ऑगस्टमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि त्यावरून गावागावांत, घराघरांत दोन मतं आहेत. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा. पुढच्या दहा-वीस वर्षांत या पट्ट्यात जे काही बदलेल, त्याची चर्चा होताना एक प्रश्न हमखास येणार : ‘आधी इथे काय होतं?’

पर्यावरणाच्या अहवालांत ‘आढळलेल्या जाती’ अशी यादी असते. आढळणं आणि वाढणं यातला फरक आता तुम्हाला माहीत आहे. बाहेरून काही दिवसांसाठी आलेल्या अभ्यासकाला आढळलेलं दिसतं. वाढलेलं कळायला तिथेच राहावं लागतं, ऋतूमागून ऋतू. ते काम नरपड, चिखले, घोलवड, बोर्डीची मुलं-मुलीच करू शकतात. वाडी मोडून प्लॉट पडले आणि विहीर बुजली, तर त्या विहिरीत काय होतं हे सांगायला कुणाची तरी वही असायला हवी. ‘पूर्वी खूप चतुर असायचे’ या वाक्याला कोणी विचारत नाही. ‘या हौदावर जुलै ते ऑक्टोबर अमुक जातीच्या इतक्या काती, तारखेनिशी’ या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

हे काम फक्त पीएचडीवाल्यांचं आहे, असं समजू नका. भारतातल्या चतुर-टाचण्यांवरचा जो पायाभूत ग्रंथ आहे, त्याचे तीन खंड 1933 ते 1936 मध्ये लिहिणारे फ्रेझर हे पेशाने लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांमधल्या पाण्यात पारा किती मिसळलाय हे तपासायला चतुरांची पिल्लं गोळा केली जातात, आणि ती गोळा करणाऱ्यांत विद्यार्थी आणि साधे स्वयंसेवक असतात. लांब कशाला, आपल्याच कोकणात, सिंधुदुर्गातल्या चौकुळमध्ये सापडलेल्या चतुराची विज्ञानाला नवी असलेली जात 2022 मध्ये नोंदवली गेली आणि तिच्या नावात ‘चौकुळ’ कायमचं कोरलं गेलं. भारतात चतुर-टाचण्यांच्या जवळपास पाचशे जाती आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जातींची पिल्लं अजून नीट वर्णन झालेली नाहीत. म्हणजे तुमच्या काडेपेटीतली एखादी कात तज्ज्ञालाही विचारात पाडू शकते.

तेव्हा प्राध्यापकांना एक विनंती : यंदा वीस पानांच्या फाइलीऐवजी दोन महिन्यांच्या नोंदींचा एक तक्ता आणि काडेपेट्यांचा एक खोका स्वीकारून बघा. तक्त्यात शून्य दिसले तर मार्क कापू नका. आणि दोस्तांनो, सीनियरची फाइल मागायचीच असेल तर जरूर मागा, पण ती कातींच्या नोंदींची असू दे. म्हणजे यंदाचे आकडे गेल्या वर्षीच्या शेजारी मांडता येतील, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तुमच्याकडे तुमची वही मागायला येईल.